ब्रँडनची चूक किती टक्के?

'बॉइज डोन्ट क्राय' हा 1999 सालचा अमेरिकी चित्रपट कुणालाही दाखवा, संपल्यावर एक प्रश्न हमखास येतो. 'पण त्यानं आधीच सगळं खरं सांगून टाकलं असतं तर?' विचारणाऱ्याच्या मनात वाकडं काही नसतं. एकवीस वर्षांचा पोरगा डोळ्यांदेखत मारला गेलेला असतो, जीव कळवळलेला असतो आणि हे कसं टळलं असतं ते मन शोधत असतं. तरी त्या प्रश्नाच्या पोटात एक समजूत दडलेली आहे. ब्रँडननं लोकांना फसवलं, आणि फसलेल्या लोकांनी राग काढला, अशी ती समजूत. ती उलगडून पाहिल्याशिवाय हा चित्रपट नीट कळत नाही, असं मला वाटतं. म्हणून हा लेख.

आधी गोष्ट सांगते. चित्रपट खऱ्या घटनेवर आहे. ब्रँडन टीना 1972 च्या डिसेंबरात नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात जन्मला. देह मुलीचा होता, नाव मुलीचं ठेवलं, वाढवलंही मुलगी म्हणूनच. त्याला स्वतःला मात्र आपण मुलगा आहोत हे पक्कं वाटत होतं, आणि मोठा झाल्यावर तो तसाच राहू लागला. केस बारीक कापले, छाती घट्ट बांधली, कपडे आणि नाव पुरुषाचं घेतलं. (म्हणून मीही त्याच्याबद्दल 'तो' असंच लिहिते आहे.) 1993 च्या अखेरीस तो लिंकन सोडून फॉल्स सिटी या गावाकडे आला. नावात सिटी असली तरी वस्ती पाच हजारांच्या आतबाहेर. तिथं लाना नावाच्या मुलीशी त्याची गाठ पडली आणि दोघं प्रेमात पडली. तिच्या ओळखीतले जॉन लॉटर आणि टॉम निसन त्याचे दोस्त झाले. दोघंही तुरुंगाची हवा खाऊन आलेले.

डिसेंबरात खोट्या चेकच्या प्रकरणात ब्रँडनला अटक झाली आणि त्याचं जन्माचं नाव गावात पसरलं. नाताळच्या पहाटे त्याच दोन दोस्तांनी त्याच्यावर बलात्कार केला. त्यानं पोलिसांत तक्रार दिली. त्यानंतर आठवडाही उलटला नव्हता, 31 डिसेंबरला दोघांनी हम्बोल्ट गावाकडच्या एका शेतघरात शिरून त्याला गोळी घातली. घरात असलेल्या 24 वर्षांच्या लिसा लॅम्बर्टला आणि 22 वर्षांच्या फिलिप डिव्हाइनलाही मारलं. लिसाचं तान्हं बाळ तेवढं वाचलं. पुढे निसनला जन्मठेप झाली आणि लॉटरला देहदंड सुनावला गेला.

चित्रपटाची दिग्दर्शिका किंबर्ली पीअर्स तेव्हा कोलंबिया विद्यापीठात चित्रपटाचं शिक्षण घेत होती. 1994 मध्ये या खुनांवरचा एक लेख तिच्या वाचनात आला आणि पुढची काही वर्षं ती या एकाच गोष्टीच्या मागे लागली. सुमारे 20 लाख डॉलरमध्ये चित्रपट झाला, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात चिल्लर. ब्रँडनच्या भूमिकेतली हिलरी स्वँक स्वतः लिंकनमध्येच जन्मलेली. चित्रीकरणाआधी महिनाभर ती घराबाहेर पुरुष म्हणून वावरली. मार्च 2000 मध्ये तिला ऑस्कर मिळालं.

आता मूळ गुंता. माणसाबद्दलच्या तीन वेगळ्या गोष्टी आपण एकाच गाठोड्यात बांधून ठेवतो. जन्मताना सुईण किंवा डॉक्टर देह पाहून सांगतात, मुलगा किंवा मुलगी. ही पहिली. दुसरी म्हणजे 'मी पुरुष आहे' किंवा 'मी स्त्री आहे' ही ज्याची त्याला आतून असलेली जाणीव, हिला लिंगओळख म्हणतात. तिसरी म्हणजे आपल्याला ओढ कुणाची वाटते. बहुतेकांच्या बाबतीत पहिल्या दोन जुळलेल्या असतात, त्यामुळे त्या दोन आहेत हेच कधी लक्षात येत नाही. ज्यांच्या जुळत नाहीत त्यांना ट्रान्स म्हणतात. देह मुलीचा घेऊन जन्मलेला पण पुरुष असलेला, तो ट्रान्स पुरुष. ब्रँडन तसा होता.

दुसरी आणि तिसरी गोष्ट वेगळी आहे हे चित्रपट सुरुवातीलाच एका छोट्याशा बोलण्यातून दाखवतो. ब्रँडनचा चुलतभाऊ लॉनी त्याचे केस कापून देतो. हा लॉनी प्रेमळ आहे, आसरा देणारा आहे, पण वैतागून म्हणतो की तू सरळ मान्य का करत नाहीस की तू बायकांवर प्रेम करणारी बाई आहेस? ब्रँडन म्हणतो, कारण मी ती नाही. एवढंच. लॉनीच्या डोक्यात देह आणि ओढ या दोनच गोष्टी आहेत. मधली, ओळखीची गोष्ट त्याला दिसतच नाही. ब्रँडनला तीच सगळ्यात आधी दिसते. एखादी मुलगी आपल्यावर भाळली तर ती एका पुरुषावर भाळली आहे, असं त्याला मनापासून वाटतं.

आपल्याकडेही ट्रान्स म्हटलं की डोळ्यांसमोर लोकलमध्ये टाळी वाजवणारे तृतीयपंथी येतात, म्हणजे पुरुषाच्या देहात जन्मलेली माणसं. ट्रान्स पुरुष फारसे दिसत नाहीत. माझ्या मते त्याचं एक मोठं कारण साधं आहे. मुलगी म्हणून वाढलेल्या माणसाला घराचा उंबरठा ओलांडून आपल्या मनासारखं राहण्याची मुभाच कमी मिळते. लग्न लावून दिलं की विषय संपला.

हा आजार आहे का, हे विचारलं जातंच. डॉक्टरांच्या जगानं यावर आपलं म्हणणं बदललं आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं 2013 मध्ये लिंगओळखीला 'विकार' म्हणणं सोडलं आणि लक्ष वळवलं ते देह आणि ओळख न जुळल्यानं होणाऱ्या यातनेकडे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये हा विषय मानसिक आजारांच्या यादीतून काढला. एकेकाळी डाव्या हातानं लिहिणाऱ्या पोराच्या हातावर छडी बसायची. पोरगं उजव्या हातानं लिहायला शिकायचंही, पण त्यानं ते उजखोरं झालं असं कुणी म्हणणार नाही. 1993 च्या नेब्रास्कात हे सगळं ब्रँडनला समजावून सांगणारं कुणी आसपास नव्हतं. त्याच्यापाशी स्वतःसाठी धड शब्दही नव्हते, म्हणून तो कधी एक सांगे, कधी दुसरं.

तो खोटं बोलत असे, हे मात्र खरं आहे आणि चित्रपट ते लपवत नाही. तो दुसऱ्याच्या नावानं चेक वटवायचा, पैसे उचलायचा, मैत्रिणींना भेटवस्तू द्यायचा, कोर्टाची तारीख चुकवायचा. चेकचा गुन्हा हा गुन्हाच होता आणि त्याची शिक्षा कायद्यात होती. पण 'मी पुरुष आहे' हे त्याचं सांगणं त्या खोटेपणाच्या यादीत टाकता येत नाही. लोक नेमके इथंच घसरतात. चेक खोटा, म्हणून माणूसही खोटा.

फॉल्स सिटीकडे वळू. छोट्या गावातला पूर्वग्रह म्हटलं की आपण अडाणी, कडवी माणसं मनात आणतो. चित्रपटातलं गाव तसं नाही आणि म्हणूनच तो जास्त हादरवतो. जॉन आणि टॉमनी ब्रँडनला आधी आपलंसं केलं होतं. रात्रीच्या वेळी पोरं एक खेळ खेळतात. पिकअप गाडीच्या मागच्या फळीवर उभं राहायचं, पुढे बांधलेली दोरी एका हातात धरायची आणि गाडी भरधाव सोडायची. पडलं की खरचटतं, पुन्हा चढायचं. ब्रँडन चढतो, पडतो, हसत उठतो. गुडघे फुटले तरी कौतुकानं पाठीवर थाप पडते. त्या फळीवर तो पुरुष ठरतो, कारण गावात पुरुष ठरण्याची परीक्षा तीच आहे: मार खा आणि तोंडातून हूं की चूं काढू नको.

त्या गावात करण्यासारखं फार काही नाही. लाना पालकाच्या कारखान्यात रात्रपाळी करते. घरात दारू, दारात जुन्या गाड्या, कुणाला कुठं जायचं नाही. जॉन लानाच्या घरात हक्कानं वावरतो, तिच्यावर आपली मालकी असल्यासारखा. अशा माणसापाशी स्वतःचं म्हणावं असं एकच काही उरलेलं असतं, ते म्हणजे आपण मर्द आहोत. आता कल्पना करा, मुलीचा देह घेऊन जन्मलेला एक जण येतो आणि तीच मर्दुमकी त्याच्याहून हळुवारपणे, त्याच्याहून चांगली निभावून दाखवतो. लाना त्याच्याकडे ओढली जाते ते तो तिच्याशी बोलतो, तिचं ऐकतो म्हणून. जॉनचा राग फसवणुकीचा नाही. आपली जागा दुसऱ्यानं घेतली याचा आहे. 'जागा दाखवून देणं' असं आपल्याकडे म्हणतात ना, त्यांनी केलेला बलात्कार हे नेमकं तेच होतं. तू बाई आहेस, हे त्यांना त्याच्या देहावर लिहून ठेवायचं होतं.

त्याआधीचं न्हाणीघरातलं दृश्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जॉन आणि टॉम ब्रँडनला आत कोंडतात, पँट उतरवतात आणि लानाला बघायला भाग पाडतात. आरडाओरडा चालू असतो. अचानक आवाज विरतात. अर्धनग्न, धरून ठेवलेला ब्रँडन दाराकडे बघतो, तर तिथं जमलेल्यांच्या मागे आणखी एक ब्रँडन उभा असतो, पूर्ण कपड्यांत, त्याच्याकडे बघत. कॅमेरा दोघांना काही क्षण समोरासमोर धरतो. देह उघडा पाडला म्हणजे माणूस उघडा पडला, या समजुतीला दिग्दर्शिकेनं एका शब्दाशिवाय दिलेलं हे उत्तर आहे. कपड्यांतला तो पोरगा तिथंच आहे, त्याला कुणाचा हात लागलेला नाही.

पण चित्रपटाचा आणि खऱ्या घटनेचा कणा मला दुसरीकडे दिसतो. ब्रँडनचं गुपित कुणाकुणाच्या हातून फुटलं ते बघा. अटक झाल्यावर त्याला बायकांच्या कोठडीत ठेवलं. लाना जामीन भरायला गेली तेव्हा तिला तो तिथं दिसला. (चित्रपटात ती त्याला सांगते की तू जो काही असशील तो अस, मी तुला इथून बाहेर काढणार.) मग स्थानिक वर्तमानपत्रानं अटक झालेल्यांच्या यादीत त्याचं जन्माचं नाव छापलं. ही कामं करणाऱ्या कुणाच्याही मनात खून नव्हता. रोजचं काम रोजच्या पद्धतीनं चाललं होतं. पाच हजारांच्या गावात त्या रोजच्या कामानं माणूस उघड्यावर पडतो, कारण पेपर सगळे वाचतात आणि सगळे सगळ्यांना ओळखतात.

बलात्कारानंतर ब्रँडन न्हाणीघराच्या खिडकीतून निसटला. तक्रार केलीस तर जिवंत ठेवणार नाही, अशी धमकी होती. तरी तो दवाखान्यात गेला आणि त्यानं तक्रार दिली. इथं भेटतो तो काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, शेरीफ: निवडून आलेला पोलीसप्रमुख. जबानीची ध्वनिफीत आहे आणि चित्रपटातलं ते दृश्य तिच्यावरच बेतलेलं आहे. शेरीफ अत्याचाराबद्दल थोडं विचारतो आणि ब्रँडनबद्दल फार. मुलगी असून मुलींबरोबर का फिरतेस? पँटमध्ये मोजा घालतेस का? प्रश्न विचारण्याचा सूर असा, की आरोपी समोर बसला आहे. ब्रँडन अडखळत, अपमान गिळत उत्तरं देत राहतो आणि कोर्टात साक्ष द्यायलाही तयार होतो. एवढं होऊनही शेरीफनं दोघांना अटक केली नाही. त्यांना चौकशीला मात्र बोलावलं गेलं. म्हणजे तक्रार झाली आहे हे त्यांना कळलं आणि ते मोकळेच राहिले. पुढच्या काही दिवसांत तीन खून झाले.

'खरं सांगितलं असतं तर' या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. ब्रँडननं खरं सांगितलं होतं. घाबरलेला, दुखावलेला असताना, जिथं सांगायला हवं तिथं जाऊन सांगितलं होतं. तो मारला गेला तो खरं सांगितल्यावर, आणि ज्याला सांगितलं त्यानं कानाडोळा केल्यामुळे.

हे माझं एकटीचं मत नाही. ब्रँडनच्या आईनं काउंटीवर खटला भरला. खालच्या कोर्टानं त्याच्या यातनांची भरपाई 80 हजार डॉलर धरली आणि मग वजाबाकी सुरू केली. खून लॉटर आणि निसननं केला म्हणून काउंटीच्या वाट्यातून 85 टक्के कापले. ब्रँडनचीही थोडी चूक म्हणून 1 टक्का कापला. इतर किरकोळ रक्कम धरून हाती आले 17 हजार डॉलर आणि काही. आईनं लेकराला गमावलं त्याबद्दल भरपाई नाममात्र, म्हणजे प्रत्यक्षात शून्य. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या 1 टक्क्यापाशी बराच वेळ अडकले. गोळी घातली गेलेल्या माणसाच्या नावावर न्यायाधीशानं चूक मांडली होती, पैशांत मोजून.

एप्रिल 2001 मध्ये नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयानं हा हिशेब उलथवला. ज्या धोक्यापासून वाचवणं हे शेरीफचं कर्तव्य होतं, तोच धोका पुढे करून काउंटीला सूट मिळू शकत नाही. ब्रँडनची चूक शून्य टक्के. जबानी घेताना शेरीफ ज्या रीतीनं वागला ते सभ्यतेच्या सगळ्या मर्यादा ओलांडणारं होतं. शेवटी भरपाई 98 हजार डॉलरच्या घरात गेली. थडग्यावर मात्र त्याचं जन्माचंच नाव कोरलेलं आहे, आणि त्याखाली 'मुलगी, बहीण'. दुःखात बुडालेल्या आईला मी बोल लावणार नाही, पण ते वाचताना घशात अडकतं.

असा एखादा ट्रान्स पुरुष आपल्याकडे ठाण्यात गेला तर? सर्वोच्च न्यायालयानं नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या 15 एप्रिल 2014 च्या निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, तो मोठा टप्पा होता. पण 2019 मध्ये संसदेनं ट्रान्स व्यक्तींच्या संरक्षणासाठी जो कायदा केला, त्यात त्यांच्यावरच्या लैंगिक अत्याचाराला शिक्षा ठेवली ती सहा महिने ते दोन वर्षं. स्त्रीवरच्या बलात्काराला किमान शिक्षाच दहा वर्षांची आहे. ट्रान्स पुरुषानं तक्रारीत स्वतःला पुरुष म्हणवलं तर बलात्काराचं कलम हातून निसटण्याची भीती, आणि स्त्री म्हणवलं तर आयुष्यभर ज्यासाठी झगडला ते स्वतःच पुसून टाकायचं. फॉल्स सिटीतल्या त्या खोलीत ब्रँडनसमोर हाच पेच होता.

चित्रपटाच्या उणिवाही सांगायला हव्यात, कारण त्या मोठ्या आहेत. फिलिप डिव्हाइन त्यात नाहीच. तो कृष्णवर्णीय होता, एका पायानं अधू होता, आणि त्या रात्री त्या घरात होता म्हणून मारला गेला. चित्रपटात त्या घरात दोनच बळी दिसतात. गोष्ट आटोपशीर करण्यासाठी एका खऱ्या माणसाचं मरण कापून टाकणं मला पटत नाही, आणि या चित्रपटावर जीव असलेल्या अनेकांनाही पटलेलं नाही. दुसरी गोष्ट, बलात्कारानंतर ब्रँडन आणि लाना पुन्हा जवळ येतात ते दृश्य. तिथं ब्रँडन एकाएकी बाईसारखा दाखवल्यासारखा वाटतो, जणू आतापर्यंतचं सगळं सोंग होतं. अख्ख्या चित्रपटानं जे मोठ्या कष्टानं उभं केलं त्याला हे दृश्य तडा देतं. ट्रान्स माणसाची भूमिका ट्रान्स नटाला का नाही, हा आक्षेप पुढे तीव्र होत गेला. 2016 मध्ये ओरेगन राज्यातल्या रीड कॉलेजात पीअर्स बोलायला गेली तेव्हा विद्यार्थ्यांनी तिच्याविरुद्ध निदर्शनं केली. 1999 मध्ये हा चित्रपट बनला हेच नवल होतं आणि आज त्याच्याकडून जास्त मागितलं जातं, या दोन्ही गोष्टी मला रास्त वाटतात.

प्रमाणपत्राची हकिकतही बोलकी आहे. अमेरिकेतल्या चित्रपटांना प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळानं आधी या चित्रपटाला कडक प्रौढ प्रमाणपत्र देऊ केलं. पीअर्सनं पुढे सांगितलं, त्यांची एक हरकत लानाच्या चेहऱ्यावरचं सुख कॅमेरा फार वेळ दाखवतो यावर होती. डोक्यात गोळी घालण्याच्या दृश्याला हरकत नव्हती.

पाहणार असाल तर एक सूचना. अत्याचाराचं दृश्य आणि जबानीचं दृश्य एकमेकांत गुंफलेलं आहे आणि ते फार जड जातं. ज्यांनी असं काही सोसलं आहे त्यांनी एकट्यानं बसू नये. आणि त्याला जोडून 'द ब्रँडन टीना स्टोरी' हा 1998 चा माहितीपट जरूर पाहा. सुझन मस्का आणि ग्रेटा ओलाफ्सडॉटिर यांनी तो केला आहे. त्यात गावातली खरी माणसं बोलतात, आणि जबानीची ती ध्वनिफीतही ऐकायला मिळते.